दुष्काळाच्या वर्षी दोन्ही हात आखडू नका: पतधोरण समिती आणि राज्याच्या वित्त विभागाला मराठवाड्यातून खुले पत्र

प्रति,
सदस्य, पतधोरण समिती, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
अपर मुख्य सचिव, वित्त विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: पीक बुडते त्या वर्षी व्याजदर, आयात आणि राज्याचा खर्च एकाच दिशेने आखडण्याबाबत

महोदय, महोदया,

रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचा पैसा देते तो दर) किती असावा आणि सरकारने तूट किती सोसावी, हा वाद मुंबई-दिल्लीत बारा महिने चालतो. त्यात मराठवाडा आलाच तर कर्जमाफीच्या ओघात येतो. आमचे गाऱ्हाणे वेगळे आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षी अन्न महागते, म्हणून पतधोरण समिती व्याजदर खाली येऊ देत नाही. डाळ महागली म्हणून केंद्र सरकार आयात खुली करते. मदतीचा बोजा अंगावर आला म्हणून राज्य सरकार चालू कामांचा निधी रोखून धरते. प्रत्येक निर्णयाला त्या त्या फायलीत कारण लिहिलेले असते आणि ते सुटे वाचले तर पटतेही. पण तिन्हींचा भार एकाच वर्षी एकाच माणसावर येतो, आणि त्याचे पीक नेमके त्याच वर्षी गेलेले असते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आमच्याकडे असा आदेश काढून येतो.

२०२३ चे वर्ष डोळ्यांसमोर ठेवा. एल निनो होता आणि ऑगस्ट देशभर विक्रमी कोरडा गेला. जुलैतच किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली होती, अन्नाची महागाई ११.५१ टक्के, भाजीपाल्याची ३७ टक्क्यांच्या वर. डिसेंबरात डाळी वर्षभरापूर्वीपेक्षा २०.७३ टक्क्यांनी महाग होत्या. ३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात रेणापूर होते, अंबड, धारूर, वाशी, लोहारा होते. रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर नेलेला होता, तो फेब्रुवारी २०२५ पर्यंत तिथेच राहिला. जून आणि ऑगस्ट २०२४ च्या बैठकांत समितीचे सदस्य आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांनी पाव टक्का कपातीच्या बाजूने मत दिले. बहुमत मात्र थांबण्याच्या बाजूने होते, आणि त्याचे मुख्य कारण अन्नाची महागाई हेच दिले गेले.

बहुमताचा युक्तिवाद आम्ही हलक्यात घेत नाही. भाजी-डाळ दीर्घकाळ महाग राहिली की लोक पुढेही महागाई धरून चालतात, मजुरी आणि वाहतूक वाढवून मागतात, आणि तात्पुरती भाववाढ मुरते. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीत महागाईच्या लक्ष्यातून अन्न वगळण्याचा विचार मांडला गेला, तेव्हा आपल्या भागातल्या काही शेतकरी कार्यकर्त्यांना तो शेतकऱ्याच्या हिताचा वाटला. आम्हाला तो चुकीचा वाटतो. २०१२ पाया वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न आणि पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता, ग्रामीण भागापुरता तर ५४.१८ टक्के. मराठवाड्यातल्या भूमिहीन मजुराला, ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला आणि दोन एकर कोरडवाहूवाल्यालाही वर्षातले बरेच महिने अन्न विकत घ्यावे लागते. त्याच्या घरातली अर्धी-अधिक महागाई मोजायचीच नाही, असे लक्ष्य आम्हाला नको. चार टक्के, वर-खाली दोन टक्के, हे २०१६ पासूनचे आणि २०२१ मध्ये पुढे चालू ठेवलेले लक्ष्य बदला, असेही आमचे म्हणणे नाही.

म्हणणे एवढेच, की ज्या महागाईचे कारण पाऊस आहे तिच्यावर तुमचे हत्यार चालत नाही, आणि तरी त्याचा घाव कुणाला बसतो हे तुमच्या कागदांत दिसत नाही. त्याच निर्देशांकात डाळींचा वाटा २.३८ टक्के होता. रेपो दर वाढवून तूर जास्त पिकत नाही.

आता हा दर इकडे पोहोचतो कसा, ते तपशिलाने पाहू. रेपो दर बदलला की सगळी कर्जे त्यामागून बदलतात, असा समज सोयीचा आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घरकर्जासारखी वैयक्तिक कर्जे आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची बदलत्या दराची कर्जे बाहेरच्या मानकाशी, बहुधा रेपोशी, जोडावी लागतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. शेतीकर्जाला ही सक्ती नाही. ग्रामीण बँका आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका तर या नियमाच्या बाहेरच आहेत. म्हणजे फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.५० झाला, तेव्हा पुण्यातल्या घरकर्जदाराचा हप्ता एक-दोन तिमाहीत हलला. व्यापारी बँकेकडून पाइपलाइनसाठी मुदतकर्ज घेतलेला शेतकरी वर्षातून एकदा येणाऱ्या दरबदलाच्या तारखेची वाट पाहत बसला. सहकारी बँकेचा असेल तर संचालक मंडळाच्या ठरावाची.

पीककर्जाची तऱ्हा आणखी वेगळी. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा मूळ दर ७ टक्के बांधलेला आहे. केंद्राची व्याज सवलत आणि वेळेत परतफेडीचे ३ टक्के, त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना, असे सगळे धरले की वेळेत फेडणाऱ्याला ते कर्ज जवळपास बिनव्याजी पडते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, तरी या शेतकऱ्याच्या व्याजात पैचा फरक पडला नाही. चांगल्या वर्षी तुमचे पतधोरण त्याला शिवतसुद्धा नाही.

वाईट वर्षी शिवते. पीक ३३ टक्क्यांहून अधिक गेले आणि प्रशासनाने तशी घोषणा केली, की रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या सूचनांनुसार पीककर्जाचे पुनर्गठन होऊन ते मुदतकर्ज बनते. नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर दोन वर्षांपर्यंत, ५० टक्क्यांच्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत. इथपर्यंत सोय चांगली आहे: खाते थकीत धरले जात नाही, नव्या हंगामाला नवे पीककर्ज मिळू शकते. मेख पुढे आहे. पुनर्गठित रकमेवर केंद्राची व्याज सवलत सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षापुरती असते, त्यानंतर बँकेचा नेहमीचा दर लागतो. अतितीव्र आपत्तीत ती जास्त काळ देण्याची तरतूद आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. केंद्रातल्या उच्चस्तरीय समितीचा निर्णय लागतो. समजा दीड लाखाचे पुनर्गठन झाले आणि दुसऱ्या वर्षी दर साडेदहा टक्के लागला, तर वर्षाचे व्याज १५,७५० रुपये. पीक आले असते तर हाच आकडा शून्य असता. आणि पुनर्गठनाचे कागद होतात ते दुष्काळाच्याच वर्षी, म्हणजे अन्नाच्या महागाईमुळे तुम्ही दर चढा ठेवलेला असतो तेव्हाच. ‘दुष्काळी तालुक्यात कर्जवसुलीला स्थगिती’ हा मथळा दरवेळी ठळक छापला जातो. स्थगिती वसुलीला असते, व्याजाला नसते.

पुनर्गठनात वेळही जातो. सूचनांनुसार तीन महिन्यांत काम संपायला हवे. प्रत्यक्षात नजर पैसेवारी (पीक किती आले याचा महसूल खात्याचा पहिला अंदाज) सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरात आणि अंतिम डिसेंबरात येते. मग राज्यस्तरीय आणि जिल्हास्तरीय बँकर्स समित्यांच्या बैठका, मग शाखेला परिपत्रक, मग शेतकऱ्याचा अर्ज, संमती, नवे करारपत्र. शाखेत कृषी अधिकारी एक, खाती काही हजार. फेब्रुवारी उजाडतो. तोवर अनेकांनी दुसरा रस्ता धरलेला असतो.

त्या रस्त्याला आपल्याकडे ‘नवं-जुनं’ म्हणतात. मार्चअखेर जवळ आली की सोसायटीचा गटसचिव थकीत होऊ घातलेल्या सभासदांना निरोप धाडतो: मुद्दल आणि व्याज भरा, आठ-पंधरा दिवसांत नवे कर्ज मंजूर करून देतो. भरायला पैसे नसतात. ते आडत्याकडून किंवा सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिना दराने येतात. दीड लाखाला महिन्याचे ४,५०० रुपये, आणि पैसे दहा दिवसांत परत केले तरी व्याज बहुधा पूर्ण महिन्याचे कापले जाते. बँकेच्या पुस्तकात खाते स्वच्छ, वसुली उत्तम, सरकारच्या पुस्तकात लाभार्थी बिनव्याजी. दहा-पंधरा दिवसांच्या पैशाला दिलेले ते साडेचार हजार कुठल्याच आकडेवारीत नाहीत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारणावर १२ टक्केच घेता येतात. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. गावात हा फरक सगळ्यांना ठाऊक आहे आणि तक्रार कुणी करत नाही, कारण पुढच्या मार्चलाही त्याच दारात जायचे असते.

त्यात सोसायटीच ‘अनिष्ट तफावती’त असेल, म्हणजे सभासदांकडून येणे असलेल्या कर्जापेक्षा जिल्हा बँकेला देणे जास्त असेल, तर नवं-जुनं करूनही नवे कर्ज लवकर हाती पडेल याची खात्री नाही. स्वतःचे खाते चोख ठेवणारा सभासदही अडकतो. मग उरतो सोन्यावरचा उचल-पैसा, किंवा महिला गटाच्या नावावर मायक्रोफायनान्स, ज्याचा दर वर्षाला वीस टक्क्यांच्या वर असतो. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्सच्या व्याजावरची ठरलेली कमाल मर्यादा काढून घेतली. त्यानंतर रेपो चढताना हे दर तत्परतेने चढले. उतरताना तेवढी तत्परता दिसली नाही.

समितीने आणखी एक हिशेब करून पाहावा. खरा व्याजदर काढताना तुम्ही रेपोतून अपेक्षित ग्राहक महागाई वजा करता. शेतकरी कर्ज रुपयांत घेतो आणि फेडतो सोयाबीनने. समजा जूनमध्ये सोयाबीन ४,६०० रुपये क्विंटल असताना त्याने एक लाख घेतले, म्हणजे पावणेबावीस क्विंटलचे देणे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माल आला तेव्हा भाव ४,१००. पाच महिन्यांचे ७ टक्क्यांनी व्याज सुमारे २,९०० रुपये. आता देणे झाले २५.१ क्विंटल. सोयाबीनमध्ये मोजले तर पाच महिन्यांत कर्ज साडेपंधरा टक्क्यांनी वाढले, आणि कागदावर तो सवलतीच्या दराचा लाभार्थी आहे. हे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, पण २०२४ च्या हंगामात ४,८९२ हमीभाव असताना लातूरच्या बाजारात सोयाबीन त्याच्या बऱ्याच खाली विकले जात होते हे कुणीही आवकेच्या पावत्यांवरून ताडून घ्यावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्के या नीचांकाला आली, तेव्हा देशभर समाधान व्यक्त झाले. त्या महिन्यात डाळींची महागाई उणे १६ टक्क्यांच्या आसपास होती. ती उणे टक्केवारी कुणाच्या तरी विक्रीची किंमत होती.

ती उणे कशी झाली? व्याजदराने नव्हे. जून २०२३ मध्ये तूर-उडदावर साठामर्यादा, जून २०२४ मध्ये तूर-हरभऱ्यावर पुन्हा साठामर्यादा, तुरीची शुल्कमुक्त आयात मुदतवाढीवर मुदतवाढ घेत ३१ मार्च २०२६ पर्यंत, डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शुल्कमुक्त. सोयाबीन, हरभरा, मूग यांचे वायदे तर डिसेंबर २०२१ पासून बंद केले, म्हणजे पेरणीच्या वेळी पुढच्या भावाचा अंदाज देणारा एकमेव फलकही पुसला. खाद्यतेलावरचे शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवले तेव्हा सोयाबीनवाल्याला जरा आशा वाटली. ३० मे २०२५ ला, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. २०२५ च्या उन्हाळ्यात तूर ७,५५० च्या हमीभावाखाली गेली तरी आयात चालूच होती. भाव चढताना आदेश आठवड्यात निघतो, पडताना मुदत संपण्याची वाट पाहिली जाते. हे विषय तुमच्या दोघांच्याही अखत्यारीत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण महागाई आटोक्यात आल्याचे श्रेय पतधोरणाच्या अहवालात घेतले जाते, तेव्हा त्यातला किती भाग आयातीचा आणि तो कुणाच्या पदरचा, हे त्याच अहवालात लिहायला काय हरकत आहे?

हमीभाव खरेदीची गोष्ट इथेच सांगून टाकू, कारण ती राजकोषीय धोरणच आहे, फक्त तिला कुणी तसे म्हणत नाही. खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ऑक्टोबरच्या पावसात काढलेले सोयाबीन १५-१८ दाखवते. ओलावा-यंत्रात मूठभर दाणे जातात, आकडा येतो आणि ट्रॉली परत फिरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, पण तोवर गरजवंताने माल बाजार समितीत देऊन टाकला होता. मग बारदाना संपतो. मग पोर्टलवर नोंद झाली पण संदेश येत नाही. मग माल घेतला, पैसे महिन्याने. ज्याला दिवाळीनंतर हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे आहे त्याच्या दृष्टीने उशिराचा हमीभाव आणि आजचा पडेल भाव यांतला फरक सावकाराच्या व्याजाएवढा उरतो, कधी तेवढाही नाही. खरेदीचा पैसा आठवड्यात देणे ही शेतीच्या हंगामातली सर्वांत स्वस्त व्याजकपात ठरेल.

आता वित्त विभागाकडे वळतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी धरली होती, राज्य उत्पन्नाच्या सुमारे २.७६ टक्के. ३ टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत जागा उरत होती ती साधारण १२ हजार कोटींची. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने बीड, धाराशिव, लातूर, नांदेडची जमीन खरवडून नेली आणि ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. त्यात विम्याचे, रोजगार हमीचे असे इतर खात्यांतले पैसेही मोजलेले होते, सगळी रक्कम नव्याने काढलेली नव्हती, हे मान्य. तरीही मर्यादेतली मोकळी जागा आणि एका वाईट हंगामाची गरज यांचे प्रमाण एवढ्यावरून कळते. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी होती. म्हणजे काढलेल्या कर्जातला तिसरा हिस्सा रोजच्या खर्चात जाणार होता. चांगल्या वर्षीही हे चालू असेल, तर वाईट वर्षासाठी शिल्लक कुठून राहणार?

अशा वेळी विभाग काय करतो ते तालुक्याच्या ठिकाणी नीट दिसते. अर्थसंकल्पात तरतूद असते, प्रशासकीय मान्यता असते, कार्यारंभ आदेशही निघालेला असतो, पण बीम्स या राज्याच्या निधिवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी येत नाही. कंत्राटदार यंत्रे काढून नेतो. साठवण तलावाचे, पाझर तलावाच्या दुरुस्तीचे, पाणंद रस्त्याचे काम थांबते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम पैसे सुटतात, तेव्हा बिले निघतात. ज्या महिन्यांत मजुराला काम हवे होते ते महिने मात्र गेलेले असतात. तूट कागदावर मर्यादेत राहते. कपात कुणी जाहीर केलेली नसते, म्हणून तिच्यावर सभागृहात चर्चाही होत नाही.

‘लाडकी बहीण’ योजनेला नावे ठेवण्याची अर्थशास्त्रज्ञांत फॅशन आहे. त्या योजनेला २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटी दिले होते. आमचे मत थोडे निराळे आहे. महिन्याचे १,५०० रुपये वेळेवर येतात तेव्हा ते गावच्या किराणा दुकानात खर्च होतात आणि वाईट वर्षी घराला टेकू देतात. उणीव ही, की रक्कम सुकाळात आणि दुष्काळात सारखीच. मंदीत आपोआप वाढणारा आणि तेजीत आपोआप ओसरणारा खर्च हवा असतो. तसा खर्च महाराष्ट्राने देशाला शिकवला होता: १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली रोजगार हमी. मागेल त्याला काम, म्हणून दुष्काळात खर्च आपोआप वाढणार, मंत्रालयातून कुणी पॅकेज जाहीर करायची गरज नाही.

हा आपोआपपणा आता धोक्यात आहे. मनरेगात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र देत होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तिच्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० चे १२५ झाले, पण राज्याला ४० टक्के वाटा उचलावा लागणार, केंद्र राज्यनिहाय रक्कम आधी ठरवून देणार आणि त्यावरचा खर्च राज्याच्या माथी. शिवाय शेतीच्या हंगामात ६० दिवस कामे बंद. दुष्काळात मागणी दुप्पट झाली की वरचा सगळा भार नेमका त्या वर्षी राज्यावर, ३ टक्क्यांच्या मर्यादेत. विभागाने याची तरतूद आताच केली नाही तर पुढच्या दुष्काळात मस्टर (मजुरांचे हजेरीपट) निघणार नाहीत, आणि कारण विचारले तर ‘मागणीच नव्हती’ असे उत्तर मिळेल. पैसा मुळातच बाजूला काढलेला आहे. १९७५ पासून महाराष्ट्रातले ठरावीक मर्यादेवरचे पगारदार व्यवसाय कर भरत आले आहेत, आता महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत, तो रोजगार हमीसाठीच लावलेला कर आहे. चांगल्या वर्षीची त्याची न खर्चलेली रक्कम सर्वसाधारण खर्चात मिसळू न देता दुष्काळ राखीव म्हणून ठेवावी, आणि तालुका दुष्काळी जाहीर होताच जिल्हाधिकाऱ्याला मंत्रालयाची वाट न पाहता ती वापरता यावी.

तुटीच्या मर्यादेबद्दलही असेच. केंद्राच्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात शेतीउत्पादन आणि शेतकऱ्यांचे उत्पन्न कोसळले तर अर्ध्या टक्क्यापर्यंत मर्यादा ओलांडण्याची मुभा स्पष्ट लिहिली आहे. राज्याच्या २००५ च्या कायद्यालाही असेच मोजमापाचे कलम जोडा: किती तालुके, किती पैसेवारी, कोणत्या तारखेला, किती टक्के, आणि परत किती वर्षांत. परतफेडीचे वेळापत्रक नसलेली सवलत आम्ही मागत नाही. राज्याचे रोखे विकत घेणाराही तेच विचारतो. दर सव्वासात-साडेसात असताना काढलेल्या दर हजार कोटींमागे वर्षाला सत्तर-पंचाहत्तर कोटी व्याज पुढची दहा वर्षे मोजावे लागते, आणि ते शेवटी मराठवाड्याच्या सिंचनातूनच वजा होते.

कर्जमाफीवर एकच गोष्ट. माफी केव्हा मिळेल याची तारीख आधी जाहीर केली, की त्या दिवसापर्यंत कुणी एक रुपया भरत नाही, आणि जिल्हा बँकेचा पुढच्या हंगामाचा पैसा त्या वसुलीतूनच उभा राहत असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘३० जून २०२६ पर्यंत निर्णय’ असे जाहीर झाले. त्याचा मार्चच्या वसुलीवर काय परिणाम होणार हे कुठलाही गटसचिव सांगू शकला असता. २०१९ च्या योजनेने डिसेंबरात घोषणा करून थकबाकीची तारीख मागची, ३० सप्टेंबर, धरली होती. करायचे असेल तर तसे करावे, आणि रक्कम महिन्याच्या आत बँकांना द्यावी.

पतधोरण समितीकडे तीन मागण्या. सहामाही पतधोरण अहवालात व्याजदर झिरपल्याचा तक्ता असतो, त्यात शेती मुदतकर्ज आणि पुनर्गठित पीककर्ज यांचे स्वतंत्र रकाने द्या, आणि ते व्यापारी, ग्रामीण आणि जिल्हा सहकारी बँकांसाठी वेगवेगळे. दुसरी: पावसामुळे महागाई सहाच्या वर गेली, तर किती तिमाही तिच्याकडे दुर्लक्ष करणार आणि मजुरी, बिगर-अन्न महागाई किंवा लोकांच्या अपेक्षा यांतले नेमके काय बदलले तर विचार बदलणार, हे खरिपाआधीच सांगा. ज्या कुटुंब-सर्वेक्षणावर या अपेक्षांचा अंदाज वर्षानुवर्षे उभा राहिला ते १९ शहरांत होते आणि त्यात मराठवाड्यातले एकही शहर नाही. ग्रामीण आकडे आता उपलब्ध होत असतील तर त्यांना इतिवृत्तात जागा द्या.

तिसरी सर्वांत निकडीची. एका जिल्ह्यासाठी वेगळा रेपो दर ठरवता येत नाही, हे आम्हाला कळते. पण एका कामासाठी वेगळी खिडकी उघडता येते. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नाबार्ड या ग्रामीण पतपुरवठ्याच्या शिखर बँकेला २५ हजार कोटींचे विशेष पुनर्वित्त (इतर बँकांना पुढे कर्ज देण्यासाठीचा पैसा) रेपो दराने दिले होते. तशीच कायमस्वरूपी खिडकी दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेल्या तालुक्यांतल्या पुनर्गठित पीककर्जासाठी ठेवा. घोषणेच्या तारखेला ती आपोआप उघडावी, ग्रामीण आणि जिल्हा सहकारी बँकांना खुली असावी, आणि शेवटच्या कर्जदाराला लागणारा दर रेपोच्या वर दोन टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, पुनर्गठनाच्या पूर्ण मुदतीसाठी. अनिष्ट तफावतीतल्या सोसायट्यांचे सभासद वगळले जाऊ नयेत म्हणून जिल्हा बँकेने थेट सभासदाच्या खात्यात वाटप करण्याची अट त्यात घालावी. देशभराची महागाई यामुळे हलणार नाही. रक्कम लहान आहे, आणि ज्याच्या घरात पीकच आले नाही त्याला कर्ज स्वस्त केल्याने बाजारात मागणी उसळत नाही.

जिल्हा बँकांचे खरीप वाटप १ एप्रिलला सुरू होते आणि जूनअखेर बहुतेक संपते. समितीची एप्रिलची बैठक त्या वाटपाच्या सुरुवातीला येते, जूनची ते संपत आल्यावर. खिडकीचे परिपत्रक आणि राज्याचे राखीव निधीचे शासन निर्णय एप्रिलच्या बैठकीआधी निघाले तरच ते त्या हंगामाला लागू पडतील. त्यांपैकी कशाला हरकत असेल तर ती आकड्यांसह जाहीरपणे मांडावी, आम्हीही आकड्यांनीच उत्तर देऊ.

आपले,
मराठवाड्यातील अर्थशास्त्राचे काही प्राध्यापक आणि सहकारी व ग्रामीण पतपुरवठ्यातील निवृत्त कर्मचारी